१३ वर्षं जुनी डिझेल, लांबचा पल्ला: खर्चाचा क्रम काय ठेवावा?

लांबपल्ला

नमस्कार मंडळी. गाडी कॉमन रेल डिझेल आहे (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं): चार सिलिंडर, टर्बो, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), मॅन्युअल गिअर. वय १३ वर्षं, मीटरवर १,८४,००० किमी. यापुढे ती मुख्यतः लांबच्या प्रवासालाच वापरायची आहे. एका दिवसात ६००-७०० किमी, चार माणसं आणि सामान धरून.

सध्याची लक्षणं सांगतो. गार इंजिन लगेच सुरू होतं, पण गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला की चार-पाच सेकंद फिरवावं लागतं. कूलंट दर हजार किमीला साधारण पाव लिटर उतरतं, खाली थेंब मात्र दिसत नाही. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा नेहमीच्या खुणेच्या जरा खालीच राहतो. टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम शाफ्ट एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा) कधी बदलला याची नोंद जुन्या कागदांत नाही.

गॅरेजवाले म्हणतात, चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदला. खर्च मोठा आहे. पैसे मर्यादित असतील तर आधी काय करावं, नंतर काय, आणि कशाला हात न लावता चालेल?

दातेरी_पट्टा

नोंद नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही असंच धरा. इंजेक्टर वगैरे सगळं त्याच्यानंतर. इंजेक्टर खराब झाला तर गाडी सुरू व्हायला त्रास देईल, धूर काढेल, पण सहसा घरी आणेल. टायमिंग बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, आणि डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये इतकी कमी जागा असते की व्हॉल्व्ह वाकणं जवळजवळ ठरलेलंच. बेल्टला किलोमीटरइतकीच वयाचीही मर्यादा असते. बनवणाऱ्याचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि किमी किंवा वर्षं, जे आधी संपेल ते पाळा. १३ वर्षांचं रबर वरून गुळगुळीत दिसतं, पण आतले धागे आणि दातांची मुळं थकलेली असतात. नुसतं बघून ते कळत नाही.

एकटा बेल्ट बदलू नका. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा), आयडलर कप्प्या आणि वॉटर पंप (तो याच बेल्टवर फिरत असेल तर) एकाच वेळी बदला. मजुरी तीच पडते, आणि जुन्या कप्पीचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही तुटतो. क्रँक आणि कॅमचे ऑइल सील तिथेच दिसतात. ओलसर असतील तर बदला, कारण ऑइल लागलेला बेल्ट लवकर फुगतो आणि दात सोडतो. काम करणाऱ्याकडे क्रँक आणि कॅम जागेवर धरणाऱ्या लॉकिंग पिना आहेत का ते आधी विचारा. खडूच्या खुणा करून केलेलं काम घेऊ नका. बेल्ट चढवल्यावर पिना काढून क्रँक हाताने, पान्याने, दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि पिना पुन्हा सहज बसतात का ते पाहायचं. बसल्या तरच सेल्फ मारायचा. जे बोल्ट कोन मोजून आवळायचे असतात ते नवेच लागतात, विशेषतः क्रँक पुलीचा.

आता तुमचं कूलंट. बेल्टच्या कव्हरमागे वॉटर पंप पाझरत असेल तर थेंब खाली यायच्या आत गरम इंजिनावर सुकून जातो. मागे कूलंटच्या रंगाची वाळलेली पापुद्र्यासारखी खूण राहते. कव्हर उघडतील तेव्हा ती समोर उभं राहून बघा. कदाचित एकाच कामात दोन प्रश्न सुटतील.

तिथे काही मिळालं नाही तर प्रेशर टेस्ट. इंजिन गार असताना टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यायचा आणि अर्धा तास सोडायचा. दाब उतरला पण बाहेर कुठेच ओल नाही, म्हणजे गळती आतल्या बाजूला आहे. डिझेलमध्ये तेव्हा पहिला संशय ईजीआर कूलरवर घ्या (ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था, कूलर तो धूर कूलंटने गार करतो), हेड गॅस्केटवर नंतर. ईजीआर व्हॉल्व्ह खोलून बघा: सगळीकडे कोरडी काजळी असायला हवी. एखादा भाग धुतल्यासारखा स्वच्छ किंवा ओला चिकट दिसला तर कूलर फुटलाय. हेड गॅस्केटसाठी निळ्या द्रावाची चाचणी असते (कूलंटमध्ये धुरातला कार्बन डायऑक्साइड आला की द्रावाचा रंग बदलतो), पण डिझेल आयडलला (गाडी उभी, पाय ॲक्सिलरेटरवर नाही) भरपूर जादा हवा ओढतं, त्यामुळे धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि रंग फार हळू, फिका बदलतो. आयडलवर दोन मिनिटं धरून "गॅस्केट चांगलं आहे" असा निकाल देऊ नका. इंजिन पूर्ण गरम करून, थोडा भार देऊन मग तपासा.

रिटर्न_लाइन

बेल्टबद्दल पूर्ण सहमत. इंजेक्टरवर लिहितो.

गरम असताना उशिरा सुरू होणं हे कॉमन रेलचं ओळखीचं लक्षण आहे. गरम डिझेल पातळ होतं, इंजेक्टरच्या आतल्या झिजलेल्या फटीतून रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपला) जास्त निसटतं आणि सेल्फच्या कमी वेगावर रेलमध्ये पुरेसा दाब साठत नाही. पण हेच लक्षण हाय प्रेशर पंप झिजल्याने, रेलवरचा दाब नियंत्रक व्हॉल्व्ह गळत असल्याने किंवा क्रँक सेन्सर गरम झाल्यावर सिग्नल सोडत असल्यानेही येतं. त्यामुळे न तपासता चार इंजेक्टर घेणं चुकीचं.

स्कॅनर लावा. साधा ब्लूटूथवाला चालतो, फक्त ॲपमध्ये रेल प्रेशर दिसलं पाहिजे. गाडी गरम करा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, आणि सेल्फ मारताना दोन आकडे वाचा: आरपीएम आणि रेल प्रेशर. आरपीएम शून्य दाखवत असेल आणि इंजिन फिरत असेल तर क्रँक सेन्सर. आरपीएम २०० च्या बराच खाली असेल तर बॅटरी, अर्थ केबल किंवा सेल्फ मोटर. आरपीएम ठीक, पण दाब २०० बारच्या आसपास घुटमळतोय आणि मग अचानक इंजिन पकडतं, असं असेल तर दाब कुठेतरी निसटतोय. बहुतेक कॉमन रेल गाड्यांचा ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) एका ठरावीक दाबाखाली इंजेक्टर उघडतच नाही. तो आकडा मॉडेलनुसार बदलतो, पण साधारण २०० ते २५० बार धरून चाला.

मग रिटर्नची चाचणी. चारही इंजेक्टरचे रिटर्न पाइप काढायचे, प्रत्येकाला सारख्या लांबीची पारदर्शक नळी लावून चार सारख्या, खुणा केलेल्या बाटल्यांत सोडायची. टाकीकडे जाणाऱ्या पाइपचं उघडं तोंड बंद करायला विसरू नका. इंजिन गरम असताना तीन मिनिटं आयडल, मग अर्धा मिनिट २,००० आरपीएम. चारही बाटल्यांत जवळपास सारखं डिझेल यायला हवं. एकीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट आलं तर तो इंजेक्टर दोषी. चारही सारखे आणि तरी दाब कमी, तर पंप किंवा रेलचा व्हॉल्व्ह बघायचा. तुमचे इंजेक्टर (सोलेनॉइड म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणारे नसून) पिझो, म्हणजे पिझो स्फटिकाने उघडणारे, असतील तर ही चाचणी करू नका, त्यातल्या अनेकांना रिटर्न लाइनमध्ये ठरावीक दाब लागतो आणि उघड्या नळीवर निकाल चुकतो.

एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. इंजिन चालू असताना इंजेक्टरकडे जाणारा जाड स्टीलचा पाइप कधीही सैल करू नका. जुन्या पंपांच्या गाड्यांवर तशी पद्धत होती. इथे १,५०० बारच्या पुढे दाब असतो, बारीक धार कातडी भेदून आत जाते, आणि वरून छोटं टोचल्यासारखं दिसलं तरी ती तातडीने ऑपरेशन करण्यासारखी जखम असते. गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा. बंद केल्यावरही पाच मिनिटं थांबा.

इंजेक्टर बाहेर काढलाच तर खालचा तांब्याचा वॉशर नवा टाका आणि बैठक कटरने साफ करून घ्या. जुना वॉशर परत बसवला की कंप्रेशन तिथून फुसफुसतं, इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो आणि पुढच्या वेळी इंजेक्टर निघता निघत नाही. नव्या किंवा दुरुस्त इंजेक्टरच्या डोक्यावर कोड असतो, तो ईसीयूत भरावा लागतो. बरेच जण हे टाळतात आणि मग इंजिन आयडलला थरथरतं म्हणून दुसरंच काहीतरी बदलत बसतात.

आणि हे सगळं करण्याआधी डिझेल फिल्टर. जुन्या फिल्टरमधलं डिझेल काचेच्या बरणीत ओता, तासभर ठेवा. तळाला पाण्याचा थर आला तर टाकी साफ करावी लागेल. चमकणारी धातूची बारीक कणी दिसली तर पंप आतून खातोय, आणि ती कणी रेल, इंजेक्टर, रिटर्न, टाकी सगळीकडे पोचलेली असते. अशा वेळी नुसते इंजेक्टर बदलले तर नवेही मरतात. म्हणून मोठा खर्च ठरवण्याआधी ही बरणी बघा.

लांबपल्ला

दोघांचेही आभार, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. काही आकडे मिळाले. गरम असताना सेल्फ मारला की आरपीएम २४०, रेल प्रेशर १७०-१८० वर रेंगाळतं आणि मग वर जातं. इंजेक्टर सोलेनॉइड प्रकारचे आहेत. बाटल्यांत तिसऱ्या सिलिंडरला ६५ मिली, बाकी तिघांना २० ते २५. बरणीत पाणी नाही, कणी नाही. बेल्टचं कव्हर अजून उघडलेलं नाही, पण वरच्या कडेला गुलाबी खूण दिसते आणि कूलंटही गुलाबीच आहे. मोकळ्या रस्त्यावर कूलंट ७१-७३ अंश, चढावर ८० पर्यंत जातं.

डीपीएफचा दिवा कधी लागलेला नाही. ऑइलची पातळी मात्र कमाल खुणेच्या थोडी वर आहे, आणि मागच्या वेळी कमाल खुणेपर्यंतच भरलं होतं.

काजळी_आणि_राख

तिसरा इंजेक्टर एकटा चाचणीला पाठवा, चारही नकोत. पाणी-कणी नाही ही फार चांगली बातमी आहे.

७२ अंश आणि वाढलेली ऑइलची पातळी ही दोन्ही लक्षणं मात्र एकमेकांशी जोडून वाचा. थर्मोस्टॅट अर्धवट उघडा अडकलाय. त्यावर उघडण्याचं तापमान छापलेलं असतं, बहुतेक ८३ ते ८८ च्या दरम्यान; मोकळ्या रस्त्यावर कूलंट त्याच्या खाली राहूच नये. गार इंजिन जास्त डिझेल पितं हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा असा की डीपीएफमधली काजळी जाळायला (रिजनरेशन) ईसीयूला इंजिन पुरेसं गरम हवं असतं. तसं नसेल तर तो रिजनरेशन सुरूच करत नाही, किंवा अर्धवट सोडून पुन्हा पुन्हा सुरू करतो. काजळी जळायला फिल्टरमध्ये ५५० ते ६५० अंश लागतात आणि ते गाठायला तुमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत सिलिंडरमध्येच उशिरा जादा डिझेल सोडतात. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. म्हणून पातळी वाढते. त्यात गळका इंजेक्टर हातभार लावत असेल.

ऑइल आत्ताच बदला, लांबच्या प्रवासाआधी. डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं, टर्बोच्या बेअरिंगला ते पुरत नाही. आणि पातळी फारच वर गेली तर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल इनटेकमध्ये ओढलं जाऊन इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटू शकतं. तसं झालं तर चावी बंद करूनही ते थांबत नाही. मॅन्युअल गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून, क्लच सोडून बंद पाडायची. दुसरा भरवशाचा उपाय सहसा नसतो.

ऑइल लो-सॅप्स (कमी राख सोडणारं) हवं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या श्रेणीचं, बहुतेक एसीईए (युरोपियन मानक) सी२ किंवा सी३. काजळी जळते, पण ऑइलमधल्या धातूंच्या मिश्रणाची राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची साठते. १,८४,००० किमीला ती बऱ्यापैकी साठलेली असणार. फिल्टरच्या पुढचा-मागचा दाब मोजणारा सेन्सर आणि त्याच्या दोन रबरी नळ्या तपासा. चावी चालू, इंजिन बंद असताना आकडा शून्य हवा. नळी फाटली असेल तर ईसीयूला खोटा कमी दाब दिसतो आणि दिवा लागतच नाही. दिवा नाही म्हणजे फिल्टर मोकळा आहे असं समजू नका.

थर्मोस्टॅट बदलल्यावर लांबचा प्रवास हाच डीपीएफचा सर्वात चांगला उपचार आहे. आयडल नेहमीपेक्षा १००-२०० ने वर, तात्कालिक खप अचानक वाढलेला, बंद केल्यावर पंखा जोरात फिरतोय, अशी चिन्हं दिसली तर रिजनरेशन चालू आहे, किंवा गाडी बंद केल्याने मध्येच तुटलंय. शक्य असेल तर आणखी १५-२० मिनिटं २,००० आरपीएमच्या वर चालवा आणि मगच थांबा.

उतारू

एवढ्या भानगडी कशाला? ईजीआरला पत्रा लावून बंद करा, डीपीएफ आतून मोकळा करून घ्या, दोन्ही प्रश्न मिटले.

काजळी_आणि_राख

मिटत नाहीत. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे आणि तपासणीत गाडी नापास होते, हा एक भाग. तांत्रिक भाग असा की ईजीआर बंद केल्यावर ईसीयूला हवेचा अपेक्षित आकडा मिळत नाही, तो फॉल्ट कोड टाकतो, आणि कित्येक गाड्यांत ताकद कमी करून लिंप मोडमध्ये जातो. लांबच्या प्रवासात नेमकं तेच नको असतं. फिल्टर मोकळा केला तर ती बारीक काजळी मागच्या माणसाच्या फुफ्फुसात जाते. इथे मूळ दोष थर्मोस्टॅटचा आहे, फिल्टरचा नाही. ईजीआर काढून साफ करा, इनटेक मॅनिफोल्डमध्ये काजळी आणि ऑइलचा घट्ट थर असेल तर तोही, आणि नवं गॅस्केट टाकून परत बसवा.

होज_क्लिप

इंजिनाचं वरच्या मंडळींनी पूर्ण सांगितलं. रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या बाकीच्या गोष्टी सांगतो. त्या बहुतेक रबराच्या असतात.

टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इनटेकपर्यंतचे होज पाइप हाताने वाकवून आतल्या वळणाची बाजू बघा. चीर उभी असते आणि बंद इंजिनावर मिटलेली असते, म्हणून नुसतं पाहून सुटते. फाटला की काळा धूर, शिट्टी आणि चढावर दम नाही. आत थोडं ऑइल चिकटलेलं असणं साहजिक आहे, साचलेलं असेल तर टर्बोचा शाफ्ट हलवून बघा: किंचित आडवा हलतो, पण पुढेमागे जाणवण्याइतका हलायला नको आणि पंखा आवरणाला घासायला नको. टर्बोच्या ॲक्च्युएटरला (टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाला) व्हॅक्यूमची बारीक नळी असेल तर ती पूर्ण बदला, तिची किंमत नगण्य आहे.

व्हॅक्यूमवरून ब्रेक. डिझेलमध्ये ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा, पेडल थोडं खाली जायला हवं. गेलं नाही तर पंप, नळी किंवा बूस्टर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं: डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. भरलेली गाडी आणि लांब उतार असेल तर दर दोन वर्षांनी बदलणं हाच नियम.

टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते, पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली असली तरी फार जुने टायर भरलेल्या गाडीत दिवसभर तापवू नका. हवा गार टायरमध्ये मोजा आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा "पूर्ण भार" आकडा घ्या, तो एरवीच्या आकड्यापेक्षा जास्त असतो. स्टेपनीसुद्धा.

बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ व्होल्टच्या वर हवी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५.

बरोबर ठेवायला: ओ-रिंगसकट एक डिझेल फिल्टर, बाहेरचा बेल्ट (अल्टरनेटर वगैरे फिरवणारा), एक लिटर तेच ऑइल, तयार मिसळलेलं दोन-तीन लिटर कूलंट, दोन मापांच्या होज क्लिप, फ्यूज आणि तो स्कॅनर. इंधन दाबाच्या पाइपला टेप लावून पुढे जायचा विचारही करू नका.

चालवताना १,५०० आरपीएमच्या खाली वरच्या गिअरमध्ये जोर देऊ नका. ड्युअल मास फ्लायव्हीलच्या (क्लचच्या मागचं, धक्के शोषणारं दोन भागांचं चाक) स्प्रिंगा त्यानेच मरतात. बंद करताना खडखड आवाज येत असेल तर त्या झिजायला लागल्यात, क्लच बदलाल तेव्हा फ्लायव्हीलही बघा.

लांबपल्ला

बेल्टचा संच, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, ऑइल, तिसरा इंजेक्टर. असा क्रम ठरवतो. बाहेरचा बेल्ट नुसता बरोबर ठेवू की आत्ताच बदलू? त्यावर बारीक आडव्या चिरा आहेत.

दातेरी_पट्टा

आत्ताच बदला, आणि जुना काढलेला चांगल्या अवस्थेत असता तर तोच स्टेपनी म्हणून ठेवा म्हटलं असतं, पण चिरा आहेत तर टाकून द्या. हा बेल्ट फाटला की त्याचे धागे क्रँक पुलीमागून टायमिंग कव्हरच्या आत ओढले जाऊ शकतात आणि नव्या टायमिंग बेल्टला दात सोडायला लावतात. म्हणजे स्वस्तातल्या बेल्टमुळे पूर्ण इंजिन जातं. त्याच वेळी क्रँक पुलीमधलं रबर बघा. पुलीच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. काही हजार किमीने ती तुटक दिसली तर रबर सुटलंय, पुली बदला.

थर्मोस्टॅट आणि पंप एकत्र बदलणार आहात तर कूलंट पूर्ण नवं भरा, डिस्टिल्ड पाणी आणि काँसन्ट्रेट निम्मे-निम्मे, प्रकार मॅन्युअलमधलाच. भरताना हीटर सर्वात गरम ठेवा, ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे नसलेली धार येईपर्यंत उघडा ठेवा. इंजिन गरम होऊन रेडिएटरचा खालचा पाइप तापला की थर्मोस्टॅट उघडला. मग पूर्ण गार होऊ द्या, पातळी पुन्हा बघा, आणि पहिल्या १०० किमीनंतर आणखी एकदा, गार असतानाच. त्यानंतरही उतरत राहिलं तर प्रेशर टेस्ट आणि ईजीआर कूलर.

रिटर्न_लाइन

इंजेक्टर परत बसवल्यावर आणि फिल्टर बदलल्यावर कोरडा सेल्फ मारत बसू नका. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी चालू करून १५ सेकंद थांबा, बंद करा, असं पाच-सहा वेळा. हाताने दाबायचा फुगा असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, हवा धरलेल्या अवस्थेत तो फिरवला की आज नसलेली कणी उद्या तयार होते. सुरू झाल्यावर गरम करून तीच बाटल्यांची चाचणी पुन्हा करा आणि सेल्फवरचा दाब इथे टाका.